घरी शिवलेले पडदे, दहा महिन्यांनी

झोपायच्या खोलीत लिनन-कॉटन मिश्र कापडाचे, अस्तर लावलेले. बसायच्या खोलीत गडद निळ्या सुती कापडाचे, बिनअस्तराचे. दोन्ही स्वतः बेतून घरच्या मशीनवर शिवले, त्याला दहा महिने झाले. शिवले तेव्हा निळ्यांवर जीव होता. आता कुणी पडदे बघायला मागितले की मी आधी झोपायच्या खोलीत नेते.

निळं कापड हातात काय सुरेख लागत होतं! पण हाताला कसं लागतं यावर पडद्याचं कापड घ्यायचं नसतं. मीटरभर तरी वरून चिमटीत धरून खाली सोडायचं, चुण्या कशा पडतात ते बघायचं, मग उजेडासमोर धरायचं. यातलं मी काहीच केलं नाही. चौथ्या महिन्यात काचेकडची बाजू विटायला लागली. परवा धुवायला काढून जमिनीवर पसरले तर उभे पट्टेच पट्टे. चुणीचा जो भाग काचेकडे होता तो फिका, जो आत दडला होता तो गडद. तळाची दुमड चार बोटं उसवून पाहिली, आत पहिल्या दिवसाचा निळा जसाच्या तसा. सुती म्हणून एवढ्यावर निभावलं. रेशीम असतं तर उन्हाने कापडच विरलं असतं. पॉलिएस्टर या बाबतीत चिवट, पण मला त्याची चकाकी नको होती.

निळ्यांत दुसरी चूक हिशेबाची. खिडकी 120 सेंटिमीटर, रॉड 160. चुण्या नीट पडायला कापड रॉडच्या दुप्पट तरी हवं, म्हणजे 320. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 137. दोन पन्हे घेतले तर 274, त्यातून बाजूंच्या दुमडी वजा जाता उरले 254. तिसरा पन्हा घ्यायला हवा होता. "चालून जाईल," म्हटलं. दिवसा सरकवलेले असतात तोवर चालतं. रात्री ओढले की खिडकीवर चादर वाळत घातल्यासारखी दिसते.

लिननला मात्र तीन पन्हे घेतले, आणि बेतण्याआधी कापड पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री केलं. अस्तर तसंच कोरं लावलं. ते कोण बघणार! शिवाय दोन्हींची तळदुमड एकत्रच शिवली. पहिल्या धुण्यात अस्तर आटलं, बाहेरचं कापड होतं तेवढंच राहिलं, आणि पडदा खाली फुग्यासारखा फुगला. दोन संध्याकाळी नुसतं उसवण्यात गेल्या. आता अस्तर वर आणि बाजूंनीच जोडलंय. तळाला त्याची वेगळी दुमड आहे, पडद्यापेक्षा तीन सेंटिमीटर आखूड, सुटी लोंबणारी. तेव्हापासून तीनदा धुतले, कुरकुर नाही.

लिननची एक खोड सांगून ठेवते. ते टांगल्यावर उतरतं. तळ नुसता टाचून आठवडाभर लटकत ठेवला तर दोन सेंटिमीटर खाली आला, तेही एका बाजूला जास्त. मग तिथल्या तिथे, टांगलेल्यावरच खूण करून दुमडला. तरीही दमट हवेत तळ फरशीला टेकतो आणि कोरड्या दिवसांत पुन्हा वर जातो. ज्यांना काटेकोर रेघ हवी त्यांनी लिननच्या वाटेला जाऊ नये.

खोली पूर्ण काळोखी होते का? नाही. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना 20 सेंटिमीटर जास्त आणि 15 सेंटिमीटर वर घेतलाय, त्यामुळे बाजूंचा उजेड बराच अडतो, पण वरून एक पट्टी येतेच. मला पुरतं. दिवसा झोपणाऱ्याला पुरणार नाही.

शिवणं कठीण नाही, वजन कठीण. सरळ शिवणच तर असते: टाका साडेतीन मिलिमीटरचा, सुई 16 नंबरची. पण तीन पन्ह्यांचं कापड टेबलावरून खाली लोंबायला लागलं की ते सुईलाच ओढतं आणि शिवण वाकडी जाते. शेजारी खुर्ची ठेवून त्यावर ढीग रचला तेव्हा कुठे सुधारलं. आणि पन्हे जोडण्याआधी कापडाची घट्ट किनार कापून टाका. निळ्यांत ती ठेवली, म्हणून जोडाची रेघ आजही आक्रसलेली दिसते.

आयलेट, म्हणजे रॉड ओवायच्या कड्या, ठोकून बसवायचे घेतले, प्रत्येक पडद्याला आठ. संख्या समच हवी, नाहीतर पडद्याचं एक टोक भिंतीकडे आणि दुसरं खोलीत तोंड काढून राहतं. धुताना ते मशीनच्या ड्रमवर खडखड आपटतात, म्हणून वरचा भाग उशीच्या अभ्र्यात घालून बांधते.

निळे टाकून देणार नाही. तिसरा पन्हा जोडता येणार नाही, कारण जुना निळा आता नव्याशी जुळायचा नाही. पण मागून अस्तर तरी लावते. ते कापड कालच पाण्यातून काढलंय, दोरीवर वाळतंय.