रायफलवर सूट, छर्ऱ्यांवर वसुली: नाशिकमध्ये एअर रायफलचं सामान घेताना

एअर रायफल घेताना सगळी घासाघीस रायफलवर होते. 'पाच हजार कमी करा' यावर अर्धा तास जातो. मग त्याच बिलात छर्ऱ्यांच्या चार डब्या, ग्लोव्ह, हवेच्या सिलिंडरचा अ‍ॅडॉप्टर आणि टार्गेटचा गठ्ठा दुकानदार सांगेल त्या भावाने चढतो आणि त्यावर कुणी बोलत नाही. नाशिकच्या दुकानांतला हा व्यवहार बघितला तर दुकानदाराची कमाई रायफलीत कमी आणि या किरकोळ सामानात जास्त आहे.

रायफलीचा भाव लपत नाही. मॉडेल ठरलेलं असतं, आणि रेंजवरचे पालक मुंबई, पुणे, दिल्ली असे तीन फोन लावून आकडा काढून ठेवतात. त्यामुळे तिथे हात मारायला जागा थोडी. तरीही 'एमआरपीवर वीस टक्के सूट' ऐकून हुरळू नका. शंभराला आणलेल्या वस्तूवर १४० ची चिठ्ठी लावली, तर २० टक्के सूट देऊनही ती ११२ ला जाते. सूट किती हे विचारू नका. टॅक्स धरून हातात पडेपर्यंतचा आकडा विचारा आणि तोच दुसऱ्या दुकानाशी ताडून बघा.

आता छर्रे. दहा मीटरच्या सामन्यात ६० नेम, वर सुरुवातीचे सरावाचे. रोजचा सराव शंभर छर्ऱ्यांचा धरा. डबी ५०० ची, म्हणजे पाच दिवसांत एक डबी, महिन्याचे पंचवीस दिवस रेंजवर गेलं तर पाच डब्या. दुकानाने डबीमागे ८० रुपये जादा लावले तर महिन्याला ४०० आणि वर्षाला ४,८०० रुपये. रायफलीवर भांडून मिळवलेली पाच हजारांची सूट वर्षभरात जवळपास सगळी गल्ल्यात परत जाते.

डबी उलटी करून बघा. बाहेरून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि सर्व करांसह एमआरपी असलेली चिठ्ठी कायद्याने लागते. चिठ्ठीच नसेल तर 'एवढा भाव कशाचा' हा प्रश्नच उरत नाही, कारण भाव ठरवणारा समोर बसलेला असतो. चिठ्ठीशेजारी लॉट नंबर, म्हणजे माल कुठल्या खेपेत बनला त्याचा आकडा, आणि छर्ऱ्याच्या डोक्याचं मिलिमीटरमधलं माप असतं, ४.४९, ४.५०, ४.५१ असं. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. म्हणून दहा डब्या एकदम उचलण्याआधी एक डबी घ्या, रायफल व्हाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) पक्की आवळा, दहा छर्रे एकाच टार्गेटवर सोडा. भोकांचा गठ्ठा बाहेरून बाहेर सहा मिलिमीटरच्या आसपास आला तर त्याच लॉटच्या बाकीच्या डब्या मागा. दुकानदार 'लॉट सांगता येणार नाही' म्हणाला तर घाऊक घेण्यात अर्थ नाही.

झाकण उघडून दहा-बारा छर्रे पांढऱ्या कागदावर ओता. कुरिअरमध्ये आपटलेल्या डबीत छर्ऱ्याचा मागचा पातळ घेर चेपलेला असतो, तो नळीत नीट बसत नाही आणि नेम सुटतो. पावसाळाभर शोकेसमध्ये पडलेल्या डबीत शिशावर पांढरी भुकटी धरते. ती डबी अर्ध्या भावातही नको. भुकटी हाताला लागते आणि शिसं पोटात जायचं सामान नव्हे. रेंजवरून आल्यावर हात धुवा हे वेगळं सांगायला नको, पण चहाच्या टपरीवर सगळे ते विसरतात.

महागडे मॅच छर्रे सगळ्यांना लागतात असंही नाही. रायफलच्या टार्गेटवर एका रिंगणापासून दुसऱ्या रिंगणाचं अंतर अडीच मिलिमीटर आहे. ज्या मुलाचे नेम अजून सातच्या रिंगणाबाहेर भटकतात, त्याला स्वस्त सपाट डोक्याच्या छर्ऱ्यांनी काहीही फरक पडत नाही. दुकानदार हे कधी सांगणार नाही, प्रशिक्षकाने सांगायला हवं.

सिलिंडरमध्ये मात्र लोक सरळ फसतात, तेही दुकानदाराला खोटं बोलावं न लागता. नामांकित युरोपीय रायफलींच्या हवेच्या सिलिंडरची मुदत बनवल्यापासून १० वर्षं असते आणि बनल्याची तारीख सिलिंडरवर कोरलेली असते. मुदत संपलेलं सिलिंडर सामन्यात चालत नाही, ती जबाबदारी नेमबाजाची. चार वर्षं गोदामात पडलेलं सिलिंडर नव्याच्या भावाने घेतलं की हाती सहा वर्षंच येतात, म्हणजे ४० टक्के किंमत गोदामातच संपली. भाव ठरवायच्या आधी तारीख वाचा, आणि उरलेल्या वर्षांच्या हिशेबाने पैसे कापून मागा. जुनी रायफल घेताना तर पहिली नजर नळीवर जाऊ नये, सिलिंडरवर जावी.

गळती तपासताना दुकानावर उगाच खापर फोडू नका. भरताना सिलिंडर तापतं, निवल्यावर दाबाचा काटा थोडा खाली येतो. शिवाय नाशिकचा थंडीचा दिवस बघा. दुपारी ३० अंशांना २०० बार (बार हे हवेच्या दाबाचं माप) भरलेलं सिलिंडर पहाटे १० अंशांना १८७ च्या आसपास दाखवेल आणि त्यातून हवेचा एक थेंबही गेलेला नसेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तशाच उन्हापाण्यात पुन्हा वाचा. तरी काटा खाली असेल तर मात्र सील गेलं, रायफल परत न्या.

नेमबाजीच्या जॅकेटचं दुखणं वेगळं. 'इम्पोर्टेड, एकदम कडक' म्हणून जे विकलं जातं, त्यातलं काही सामन्याच्या तपासणीत अडकतं. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात कापडाची एकेरी जाडी २.५ मिलिमीटरपर्यंत चालते, आणि कडकपणाच्या यंत्रावर कापड किमान ३ मिलिमीटर दबावं लागतं. कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या खेळाच्या दुकानात असं यंत्र असण्याची अपेक्षा नाही. पण 'तपासणीत नापास झालं तर परत घेऊ' एवढं बिलावर लिहून द्यायला पैसे पडत नाहीत. जो लिहून देत नाही त्याच्याकडून हजारोंचं जॅकेट कशाला घ्यायचं? बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तर नवं कोरं परदेशी जॅकेट घेऊच नये, वर्षभरात खांदे वर येतात. रेंजवर मोठ्या मुलांचं उतरलेलं जॅकेट मिळतं. त्यात कोपरावरचं रबर उखडलंय का, आणि बटणं लावून पुढून आणखी ७० मिलिमीटर ओढून घेता येतं का, एवढं बघा. एवढी ढील नियमातच मागितली आहे.

सर्वात जास्त फुगवलेला भाव लागतो तो रायफलीचा तोल जुळवायला लावायच्या वजनांना. स्टीलचा एक गोल तुकडा, मधे भोक, चकचकीत पाकीट. नाशिककरांनी हे दुकानातून घ्यावं याचं नवल वाटतं, सातपूर आणि अंबडमध्ये लेथ चालू असताना. ३०४ स्टेनलेसचा ३० मिलिमीटर व्यासाचा बार, मधे ६ मिलिमीटरचं भोक, १९ मिलिमीटर लांबीचा तुकडा: वजन जवळपास १०० ग्रॅम. कडा मोडून घ्या, नाहीतर जॅकेट कापतं. पण स्क्रूचे आटे आधी मोजून न्या, अंदाजाने काढलेला आटा रायफलीचाच आटा खातो. आणि सगळी वजनं लावून रायफल साडेपाच किलोच्या आत राहिली पाहिजे.

टार्गेटच्या कागदाबद्दल दोनच शब्द: छापील भावात सर्वात स्वस्त गठ्ठा घेऊ नका. पातळ कागद फाटतो, भोकाची कड दातेरी येते आणि नेम नऊचा की दहाचा यावर वाद होतात.

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन आणणं परवडतं का? छर्ऱ्यांसाठी, चार घरांनी मिळून घेतले तर परवडतं. रायफलीसाठी बहुधा नाही. सील बदलणं, ट्रिगर जुळवणं यासाठी पुन्हा मुंबई गाठावी लागली तर दुसऱ्या खेपेतच वाचलेले पैसे संपतात. गावातल्या दुकानाने थोडे जास्त घेतले आणि सर्व्हिस खरंच इथे होत असली तर ते पैसे द्यावेत. 'आम्ही पाठवून देतो' म्हणणारं दुकान मात्र फक्त पोस्टमन आहे.

.१७७ कॅलिबरची (म्हणजे ४.५ मिलिमीटर नळीची), २० जूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही. .२२ ची गोष्ट पूर्ण वेगळी, परवान्याशिवाय दुकानात पाऊल टाकण्यात अर्थ नाही. एअर रायफलीसाठी ओळखपत्र आणि पत्त्याची प्रत दुकानदार मागेल, द्या. बदल्यात पक्कं बिल घ्या, त्यावर रायफलीचा क्रमांक आणि सिलिंडरची तारीख त्याच्याच हाताने लिहून घ्या, आणि पाच मिनिटं थांबून दोन्ही आकडे वस्तूवरच्या आकड्यांशी जुळवून मगच बाहेर पडा.