सरकारी उच्च प्राथमिक शाळा, इयत्ता सहावी: जूनपासूनचा अनुभव

विदर्भातील शाळा उन्हाच्या तडाख्यामुळे राज्यातील इतर शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्याच आठवड्यात आम्ही आमच्या मुलीला खासगी शाळेतून काढून पूर्व नागपुरातील एका सरकारी उच्च प्राथमिक शाळेत सहावीत प्रवेश घेतला. आता वार्षिक परीक्षा जवळ आली आहे आणि ओळखीतले अनेक पालक या शाळेविषयी विचारत असतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत असल्याने शुल्क नाही आणि पाठ्यपुस्तकेही शाळेतूनच मिळतात, हे बहुतेकांना माहीत असते. प्रत्यक्षात फरक जाणवला तो परिपाठात. आमच्या शाळेत परिपाठाची जबाबदारी रोज एका वर्गाकडे असते आणि प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष, बातम्या हे सारे मुलेच सांभाळतात. मुलीच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी हिंदी किंवा छत्तीसगढी बोलली जाते. त्यातला एक मुलगा जुलैमध्ये मराठी बातमी वाचताना प्रत्येक जोडाक्षराला अडखळत असे आणि बाई त्याला मध्येच न थांबवता वाक्य पूर्ण करू देत. दिवाळीनंतर तोच मुलगा सगळ्या शाळेसमोर न अडखळता वाचताना मी स्वतः ऐकला. हे काम शिकवणीने झाले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तान्हा पोळ्याच्या वेळी शाळेचे खरे रूप दिसले. मुलांनी लाकडी बैल सजवून आणले होते. एका सुतारकाम करणाऱ्या पालकांनी उरलेल्या फळ्यांचे, चाके लावलेले चार बैल ज्यांच्याकडे बैल नव्हते त्या मुलांसाठी करून दिले. छत्तीसगडहून आलेल्या एका आईने त्यांच्याकडे पोळ्याला मातीचे बैल पूजतात असे सांगितले, तेव्हा वर्गशिक्षिकेने त्यांना वर्गात बोलावून मुलांकडून तसे बैल करवून घेतले. खासगी शाळेत आम्ही पालक वर्षातून दोनदा प्रगतिपुस्तकावर सही करण्यापुरते जात होतो.

शाळा व्यवस्थापन समितीचा मुद्दा थोडा विस्ताराने मांडतो, कारण शाळेचे बरेचसे बरेवाईट तिथेच ठरते. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्या लागतात. कागदावर आमची समिती पूर्ण होती, पण बैठक दुपारी होत असल्याने रोजंदारीवरील पालकांना मजुरी बुडवून येणे परवडत नसे आणि सह्या मागाहून घेतल्या जात. काही मातांनी आग्रह धरल्यावर बैठक रविवारी सकाळी होऊ लागली. मुलींच्या स्वच्छतागृहाची तुटलेली कडी पहिल्याच रविवारच्या बैठकीत नोंदवहीत आली आणि त्याच आठवड्यात बसली. त्याआधी ती कित्येक महिने तशीच होती आणि मुली शाळेत पाणी पिणे टाळत होत्या. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

पोषण आहाराविषयी शंका असणाऱ्यांनी एकदा मधल्या सुट्टीत जाऊन पाहावे. सहावी ते आठवीच्या मुलाला दररोज 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरलेले आहे. वाढण्यापूर्वी शिक्षक व एखादी आई चव घेऊन नोंदवहीत अभिप्राय लिहितात. मटकीची उसळ असेल त्या दिवशी माझी मुलगी घरचा डबा परत आणते. खिचडी मात्र अनेकदा फार पातळ असते आणि तसा अभिप्राय लिहूनही फारसा फरक पडलेला नाही.

सर्वांत मोठी उणीव शिक्षकांच्या वेळेची आहे. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक असावा, असा नियम आहे आणि आमच्याकडे तसे शिक्षक आहेतही. परंतु निवडणुकीचे काम कायद्यानेच शिक्षकांवर येत असल्याने गणिताचे सर त्या काळात वर्गात नव्हते, सहावी-सातवी एकत्र बसवली गेली आणि अपूर्णांकांचा भाग आम्हाला घरी करून घ्यावा लागला. ज्या घरी हे करून घेणारे कोणी नाही, तिथल्या मुलांचा तो भाग कच्चाच राहिला आहे. इंग्रजीचे वाचन बरे आहे, बोलण्याचा सराव मात्र जवळजवळ नाही.

घरी रोज तासभर अभ्यासाला देता येत असेल आणि समितीच्या बैठकीला जाण्याची तयारी असेल, तर मी ही शाळा निःसंकोच सुचवेन. प्रवेशापूर्वी एकदा परिपाठाच्या वेळी जाऊन उभे राहावे, मुख्याध्यापकांकडे समितीच्या बैठकांची नोंदवही मागावी आणि नववीसाठी मुले पुढे कोणत्या शाळेत जातात हेही विचारावे, कारण या शाळेत वर्ग आठवीपर्यंतच आहेत. मुलगी सातवीला इथेच राहणार आहे. नववीच्या शाळेची चौकशी आम्ही आतापासून सुरू केली आहे.