स्पिलव्हिलची चेक दफनभूमी आणि तिथले बिडाचे क्रूस

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या बेळगाव-खानापूरकडच्या मंडळींनी आयोवा राज्याच्या ईशान्य भागातील स्पिलव्हिल हे जेमतेम चारशे वस्तीचे गाव पाहावे, आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत ज्यांची उमेदीची वर्षे गेली त्यांनी तर तिथल्या संत वेन्स्लास चर्चची दफनभूमी चुकवूच नये. बोहेमियातून आलेल्या चेक कॅथलिकांनी १८६० मध्ये उभारलेल्या या चर्चमध्ये संगीतकार अंतोनिन द्वोर्झाक १८९३ च्या उन्हाळ्यात ऑर्गन वाजवत असत, एवढे ऐकून बहुतेक पाहुणे परततात. खरा ऐवज बाहेर उघड्यावर आहे.

तिथल्या कित्येक जुन्या थडग्यांवर दगडाऐवजी बिडाचे क्रूस उभे आहेत. ते चार्ल्स अँडेरा या गावातल्याच लाकूडकोरीव कारागिराने घडवलेल्या नमुन्यांचे. दगडावर प्रत्येक वेळी छिन्नी नव्याने चालवावी लागते; पॅटर्न, म्हणजे असा लाकडी नमुना, एकदा हाती आला की वाळूच्या साच्यातून हवे तेवढे क्रूस ओतता येतात आणि नाव-तारखा तेवढ्या बदलाव्या लागतात. क्रूसाच्या टोकांवरील वेलबुट्टी जवळून पाहावी. इतक्या पातळ पाकळीत धातू वाटेतच थिजण्याची भीती असते, तरीही कडा भरून आल्या आहेत. अशा नक्षीकामासाठी फॉस्फरस जास्त असलेले, पातळ वाहणारे बीड वापरण्याची जुनी रीत होती. ते ठिसूळ असते, म्हणून क्रूस हलवून पाहण्याचा मोह टाळावा.

क्रूसांवरील लेख चेक भाषेत आहेत. पाट्यांवरील भाषेचे वाद ऐकतच ज्यांचे केस पिकले, त्या आम्हा सीमाभागातील माणसांना इंग्रजी मुलखात हे निवांत उभे असलेले पाहून थोडा हेवा वाटल्यास नवल नाही. बेळगाव कॅम्पातील जुनी इंग्रजी थडगी पाहिलेल्यांना दगड आणि बीड यांतला फरक इथे नेमका कळेल: बीड दगडासारखे झिजत नाही, पण गंजते, आणि गंज रोखण्यासाठी चढवलेल्या रंगाच्या प्रत्येक थराबरोबर अक्षरांची धार बुजत जाते. काही नावे त्यामुळे बोटाने चाचपूनच लावावी लागतात.

स्वतःच्या मोटारीशिवाय इथे पोहोचणे कठीण आहे आणि हिवाळ्यात सारे बर्फाखाली जाते. मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान, सकाळच्या तिरप्या उन्हात जावे. उठावाची अक्षरे तेव्हाच नीट वाचता येतात.