ॲसिडमध्ये टिकणारा मायक्रोब बनवायचाय: ई. कोलाय, यीस्ट, लॅक्टोबॅसिलस की नुसतं इव्होल्यूशन?

आयजेम या विद्यार्थ्यांच्या सिंथेटिक बायॉलॉजी स्पर्धेचा सीझन जवळ आला की नव्या टीम्सकडून एक प्रश्न हमखास येतो, ॲसिड टॉलरंट मायक्रोबचा प्रोजेक्ट करायचं ठरलंय तर चॅसी, म्हणजे ज्यात जीन्स घालायचे तो मूळ जीव, कुठली घेऊ. मी स्वतः असा प्रोजेक्ट केलाय. त्यामुळे मी आधी उलट विचारते: तुमच्या पेशीने ॲसिडमध्ये फक्त जिवंत राहायचंय, की तिथेच वाढून काहीतरी बनवायचंय? बहुतेक टीम्सनी याचा विचारच केलेला नसतो, आणि निम्मा सीझन गेल्यावर कळतं की आपण जगण्याचे जीन्स घातलेत आणि मोजतोय मात्र वाढ. आमच्या टीमचे जवळपास सहा आठवडे यातच गेले म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.

दोन्हींत फरक किती आहे बघा. ई. कोलाय तुम्ही समजता तेवढा नाजूक नाही, वाढ थांबलेला साधा लॅब स्ट्रेन पीएच २.५ ला काही तास तग धरतो, पण पीएच साधारण ४.५ च्या खाली तो वाढत नाही. म्हणजे टिकणं आणि वाढणं यांच्यात दोन पीएचचं अंतर आहे, आणि पीएच लॉगमध्ये असतो, म्हणजे शंभर पट प्रोटॉन. पोटातून जिवंत जाणारा प्रोबायोटिक बनवायचा असेल तर टिकणं पुरे. आंबलेल्या टाकीत लॅक्टिक ॲसिड बनवायचं असेल तर नुसतं टिकून काही उपयोग नाही.

दुसरा प्रश्न, ॲसिड कुठलं? हायड्रोक्लोरिक आणि ॲसिटिक हे पेशीसाठी दोन वेगळेच शत्रू आहेत. हायड्रोक्लोरिकचा प्रोटॉन बाहेरून धडका देतो, त्याला मेम्ब्रेन बऱ्यापैकी अडवते. ॲसिटिक किंवा लॅक्टिकसारखं वीक ॲसिड न तुटलेल्या रूपात सरळ मेम्ब्रेन ओलांडून आत येतं आणि आतल्या न्यूट्रल पाण्यात प्रोटॉन सोडतं. पीकेए म्हणजे ज्या पीएचला अर्धं ॲसिड न तुटलेलं असतं तो आकडा; ॲसिटिकचा ४.७६ आणि लॅक्टिकचा ३.८६, म्हणजे त्या त्या पीएचला अर्धं ॲसिड आत शिरायला मोकळं. म्हणून एका ॲसिडला टिकणारा स्ट्रेन दुसऱ्याला टिकेलच असं नाही, आणि प्रपोजलमध्ये नुसतं "लो पीएच" लिहून भागत नाही, ॲसिडचं नाव आणि मोलॅरिटी दोन्ही लिहा.

आता चॅसी.

पहिल्यांदाच करणाऱ्या टीमने ई. कोलायच घ्यावा असं मला वाटतं, आणि फक्त सोपा आहे म्हणून नाही. त्याची स्वतःची ॲसिड रेझिस्टन्स सिस्टिम इतकी नीट समजलेली आहे की तुम्ही काय बदलताय ते तुम्हाला माहीत असतं. सगळ्यात दमदार ग्लुटामेटवाली: गॅडए आणि गॅडबी ही एन्झाइम्स ग्लुटामेटचा कार्बन डायऑक्साइड काढतात, त्यात आतला एक प्रोटॉन खर्च होतो आणि गाबा तयार होतो, आणि गॅडसी हा ट्रान्सपोर्टर तो गाबा बाहेर टाकून नवीन ग्लुटामेट आत घेतो. बादलीने पाणी उपसावं तसा एकेक प्रोटॉन उपसला जातो. आर्जिनिन आणि लायसिनवर चालणाऱ्या अशाच जोड्या आहेत, ॲडीए-ॲडीसी आणि कॅडए-कॅडबी. पण यातली गंमत नीट समजून घ्या, बाहेर ग्लुटामेट नसेल तर ही सगळी यंत्रणा ठप्प. जिथे वापरणार तिथे ग्लुटामेट मिळणार आहे का हे आधी बघा, नाहीतर तुमचा स्ट्रेन टेस्ट ट्यूबमध्ये हिरो आणि प्रत्यक्षात झिरो.

त्याच्या शेजारी ठेवायचा दुसरा पर्याय म्हणजे एचडीईए आणि एचडीईबी हे शॅपरोन, म्हणजे दुसऱ्या प्रोटीन्सना सांभाळणारी प्रोटीन्स. पेरिप्लाझमचा, म्हणजे दोन मेम्ब्रेन्समधल्या जागेचा, पीएच बाहेरच्याइतकाच होतो, कारण आउटर मेम्ब्रेनच्या पोरिन्स नावाच्या छिद्रांमधून प्रोटॉन सहज जातात, आणि तिथे एटीपी नसतं. एचडीईए न्यूट्रलला जोडीने गप्प बसलेला असतो, पीएच ३ च्या खाली गेला की जोडी सुटते, स्वतः अर्धवट उलगडतो आणि उलगडणाऱ्या दुसऱ्या प्रोटीन्सना धरून ठेवतो, म्हणजे त्यांचा गुठळा होत नाही. एटीपी लागत नाही, बाहेरून ग्लुटामेट लागत नाही. एचडीईबी थोड्या कमी ॲसिडला, साधारण ४ च्या आसपास काम करतो. जीन्स छोटे, त्यामुळे सिंथेसिसही स्वस्त. आत येणारा प्रोटॉन मात्र यातलं कोणी थांबवत नाही. मला विचाराल तर गॅड आणि एचडीई दोन्ही वेगवेगळे करून मग एकत्र करून बघा, त्या तीन स्ट्रेन्सची तुलना हाच तुमचा प्रोजेक्ट होतो आणि जज लोकांनाही अशी स्वच्छ तुलना आवडते.

काही टीम्स हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या युरिएझच्या मागे लागतात, युरिया फोडून अमोनिया करायचा आणि आसपासचं सगळं न्यूट्रल करायचं. ऐकायला छान आहे, पण युरिएझला निकेल लागतं, ते बसवायला जोडीची ॲक्सेसरी प्रोटीन्स लागतात, आणि एवढं करून मोठा घोळ असा की अमोनिया शेजारच्या पेशींनाही वाचवतो. म्हणजे ज्यांनी प्लाझ्मिड (जीन्स वाहणारी डीएनएची सुटी रिंग) टाकून दिलं त्याही आरामात जगतात, आणि थोड्या दिवसांत कल्चरमध्ये तुमचं प्लाझ्मिडच उरत नाही. एका सीझनसाठी मी हे घेणार नाही.

प्रोबायोटिकवाल्यांसाठी ई. कोलाय निस्ले १९१७ हा स्ट्रेन आहे, पण डीएच५अल्फा या नेहमीच्या लॅब स्ट्रेनवर बनवलेलं सर्किट त्यात जसंच्या तसं चालेल असं धरू नका, त्यात आधीच दोन छोटे प्लाझ्मिड्स आहेत.

यीस्ट. इथे प्रश्न वाढीचा असेल तर मी क्षणभरही विचार करत नाही. सॅकॅरोमायसिस मुळातच ५ च्या आसपासच्या पीएचला खूश असतो आणि ३ लाही वाढतो, कारण पीएमए१ नावाचा पंप एटीपी जाळून सतत प्रोटॉन बाहेर फेकतो. वीक ॲसिडसाठी पीडीआर१२ हा वेगळा पंप आहे आणि ॲसिटिकसाठी एचएए१ हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जीन्स चालू करणारं प्रोटीन. म्हणजे तुम्ही शून्यापासून सहनशक्ती घालत नाही, असलेली वाढवताय. आणि ॲसिडमध्ये वाढणं एवढं महत्त्वाचं का, तर न्यूट्रल पीएचला लॅक्टिक ॲसिड बनवलं की चुना घालत राहावं लागतं, मग शेवटी कॅल्शियम लॅक्टेटवर सल्फ्युरिक ॲसिड टाकून ॲसिड सोडवावं लागतं, आणि हिशोब केला तर एक टन लॅक्टिक ॲसिडमागे जवळपास एक टन जिप्समचा चिखल हातात येतो. टाकी ३ पीएचलाच चालली तर हे सगळं वाचतं. प्रोजेक्टची गरज एका वाक्यात समजावणारं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

यीस्टचा आणखी एक फायदा कोणी सांगत नाही. ॲसिडमध्ये अँटिबायोटिक्स नीट चालत नाहीत. ॲम्पिसिलिन तुटत जातं, कॅनामायसिनची ताकद उतरते, यीस्टसाठीचं जी४१८ सुद्धा कमी पीएचला कुचकामी ठरतं. म्हणजे प्लाझ्मिड टिकवायचं सिलेक्शनच गेलं. यीस्टमध्ये युरासिल किंवा ल्युसिनचे ऑक्झोट्रॉफ मार्कर वापरता येतात (पेशी तो घटक स्वतः बनवू शकत नाही, म्हणून प्लाझ्मिड असेल तरच वाढते), ते पीएचला भीक घालत नाहीत. शिवाय जीन सरळ क्रोमोसोममध्ये बसवणं होमोलोगस रिकॉम्बिनेशनमुळे सोपं. तोटा वेळेचा: ई. कोलाय चांगल्या मीडियात वीस मिनिटांत दुप्पट होतो, यीस्टला दीड तास लागतो, आणि ट्रान्सफॉर्मेशन केल्यावर कॉलनी दिसायला दोन-तीन दिवस. मे महिन्यात हे काही वाटत नाही, सप्टेंबरमध्ये फार वाटतं.

लॅक्टोबॅसिलसबद्दल थोडक्यात. कागदावर आदर्श, खाण्यात सुरक्षित, स्वतः ॲसिड बनवतो आणि त्यातच राहतो, प्रोटॉन बाहेर काढायला एफ१एफ० एटीपीएझ आहे. पण जाड सेल वॉलमुळे डीएनए आत घालणं म्हणजे डोक्याला ताप, इलेक्ट्रोपोरेशनचा, म्हणजे विजेच्या झटक्याने डीएनए घालण्याचा, प्रोटोकॉल स्ट्रेनगणिक बदलतो. या गटातलं काहीतरी हवंच असेल तर लॅक्टोकोकस लॅक्टिस बघा, त्यात निसिनने चालू होणारी एक्स्प्रेशन सिस्टिम वर्षानुवर्षं वापरात आहे, ॲसिड मात्र तो लॅक्टोबॅसिलसपेक्षा कमी सहन करतो. तुमच्या लॅबमध्ये आधीपासून कोणी यावर काम करत असेल तरच हात घाला.

आणि ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्ससारखे खरे ॲसिडोफाइल (ॲसिडमध्येच राहणारे), जे पीएच २ ला मजेत लोखंड ऑक्सिडाइझ करत बसतात आणि बायोलीचिंगमध्ये, म्हणजे खनिजातून तांबं सोडवायला, वापरले जातात, ते मला मनापासून आवडतात, पण विद्यार्थ्यांच्या एका सीझनसाठी नकोत. वाढ हळू, टूल्स मोजकी, नेहमीचे प्रोमोटर (जीन चालू करणारे डीएनएचे तुकडे) चालतील याची खात्री नाही. त्यांच्यातले जीन्स उचलून ई. कोलायमध्ये घालून बघायचे असतील तर तो वेगळा आणि चांगला प्रोजेक्ट आहे.

आता डिझाइन की इव्होल्यूशन. क्लोनिंग न करता रोज थोडं जास्त ॲसिड देत कल्चर पुढे नेत राहायचं आणि जगलेल्यांना निवडायचं, याला ॲडाप्टिव्ह लॅब इव्होल्यूशन म्हणतात. रोज शंभरात एक डायल्यूट केलं तर दिवसाला साधारण ६.६ पिढ्या होतात, म्हणजे दोन महिन्यांत ४०० च्या आसपास. (रिचर्ड लेन्स्कींचा ई. कोलायवरचा प्रसिद्ध इव्होल्यूशन प्रयोग १९८८ पासून याच पद्धतीने चालू आहे, बारा फ्लास्क.) खर्च कमी, हात बसलेले नसले तरी जमतं, आणि वाढीसाठी फार चांगलं काम करतं, कारण सहनशक्ती एकदोन जीन्समध्ये नसतेच, ती मेम्ब्रेन, पंप, मेटाबॉलिझम अशी सगळीकडे विखुरलेली असते. तोटा असा की शेवटी काय बदललं हे कळायला होल जीनोम सिक्वेन्सिंग करावं लागतं आणि सापडलेलं म्युटेशन मूळ स्ट्रेनमध्ये परत घालून सिद्ध करावं लागतं. नाहीतर तुमच्याकडे एक चांगला स्ट्रेन असतो पण सांगायला गोष्ट नसते. आणि मीडिया नीट बफर केला नाही तर पेशी सहन करायला शिकतच नाहीत, त्या मीडियाच न्यूट्रल करायला शिकतात, जे मोजताना अगदी यशासारखं दिसतं. रोज डायल्यूट करायच्या आधी कल्चरचा पीएच मोजा, रोज म्हणजे रोज.

मी आज परत टीम केली तर दोन्ही करीन, दोघंजण पहिल्या आठवड्यापासून इव्होल्यूशनची लाइन चालवतील आणि बाकीचे एचडीईए आणि गॅडवर क्लोनिंग करतील. क्लोनिंग अडकलं (आणि ते अडकतंच) तरी दुसरीकडे डेटा जमत राहतो. मेडल दुसऱ्या टीमला हरवून मिळत नाही, ठरलेल्या निकषांवर मिळतं, त्यामुळे न चाललेला पण नीट तपासलेला प्रयोगसुद्धा वाया जात नाही.

मोजमापाबद्दल मला चॅसीपेक्षा जास्त बोलायचंय, कारण आम्ही तिथेच फसलो. ओव्हरनाइट कल्चर घेतलं की पेशी स्टेशनरी फेजमध्ये, म्हणजे वाढ थांबलेल्या असतात, आरपीओएस हा ताणाविरुद्धचे जीन्स चालवणारा रेग्युलेटर चालू झालेला असतो, आणि साधा कंट्रोलही ॲसिडमध्ये मस्त टिकतो. आमचा इंजिनिअर्ड स्ट्रेन आणि कंट्रोल सारखेच आले तेव्हा सगळे खचले होते, आणि नंतर लक्षात आलं की वाढत्या, लॉग फेजमधल्या पेशी घेतल्यावर कंट्रोल पटापट मरतो आणि फरक दिसतो. दोन्ही फेज करा. एलबी या नेहमीच्या मीडियातच अमिनो ॲसिड्स भरपूर असतात, तेव्हा ग्लुटामेट नसलेला कंट्रोल हवा असेल तर मिनिमल मीडियाच लागेल. जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनवर विसंबू नका, ईजीएफपीचा पीकेए ६ च्या आसपास आहे, आतला पीएच उतरला की चमक जाते आणि तुम्हाला वाटतं प्रोमोटर बंद पडला, एमचेरी हे लाल चमकणारं प्रोटीन ॲसिडमध्ये बरंच जास्त टिकतं. ॲसिडवाला आगर एकत्र ऑटोक्लेव्ह करू नका, तो तुटतो आणि प्लेट सेटच होत नाही, आगर आणि ॲसिड मीडिया वेगवेगळे करून कोमट असताना मिसळा. जगलेल्या पेशी मोजताना न्यूट्रल बफरमध्ये आधी डायल्यूट करून मग साध्या प्लेटवर टाका, ओडीवरून (कल्चरच्या गढूळपणावरून) मेलेल्या आणि जिवंत पेशीतला फरक कळत नाही.

सेफ्टीचं वेगळं सांगते कारण टीम्स ते शेवटच्या आठवड्यात फॉर्म भरताना बघतात. पोटातलं ॲसिड हा माणसाचा जंतूंविरुद्धचा पहिला दरवाजा आहे. ओ१५७:एच७ हा ई. कोलाय शंभरहून कमी पेशींनीही आजारी पाडू शकतो, आणि त्यामागचं एक मोठं कारण त्याची ॲसिड सहन करायची ताकदच आहे. तेव्हा आतड्यात जाणाऱ्या मायक्रोबला ॲसिड टॉलरंट करताना ती ताकद दुसऱ्या जिवाणूकडे जाऊ नये याचा विचार डिझाइनमध्येच हवा: जीन्स प्लाझ्मिडऐवजी क्रोमोसोमवर, आणि सोबत थायए किंवा एएसडी हा जीन काढून टाकलेला ऑक्झोट्रॉफ, जो बाहेरून तो घटक मिळाल्याशिवाय जगत नाही. इथे यीस्ट पुन्हा वरचढ ठरतो, कारण बॅक्टेरियांत जीन्स एकमेकांना जितक्या सहज जातात तितक्या यीस्टमधून जात नाहीत. आणि आयजेममध्ये इंजिनिअर्ड जीव लॅबबाहेर सोडायला मनाई आहे, तेव्हा खाणीच्या पाण्यात किंवा मातीत टाकून बघायचा प्लॅन असेल तर तो आत्ताच वहीतून खोडा, लॅबमध्येच त्या पाण्यासारखा मीडिया बनवा.

जीन्सची ऑर्डर द्यायच्या आधी एक आठवडा काढा. तुमच्याकडे असलेला साधा स्ट्रेन घ्या, लॉग आणि स्टेशनरी दोन्ही फेजमध्ये, ग्लुटामेट घालून आणि न घालता, तुमच्या खऱ्या ॲसिडमध्ये दोन तास ठेवा आणि कॉलनी मोजा. कंट्रोलच नव्वद टक्के जगत असेल तर पीएच खाली आणा किंवा प्रश्न बदला, आणि मग चॅसी ठरवायला बसा.