स्पीकर कशाने बसवू? स्क्रू, टेप, एमडीएफ, प्लास्टिक: सोलापूरच्या उन्हाचा हिशोब

मेव्हण्याने जुन्या हॅचबॅकसाठी साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (जाड आणि बारीक आवाजाचे स्पीकर वेगळे असलेला सेट) आणलेत आणि बसवायचे स्वतःच, असं ठरवलंय. रोज एक फोटो येतो, खाली प्रश्न: "दाजी, हे कशाने बसवू?" त्याला तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं इथे एकत्र लिहितो. कंपनी कुठली घ्यावी यात मी पडत नाही. स्पीकर हलत असेल तर दीड हजाराचा आणि पाच हजारांचा सारखाच खडखडतो.

रिंग

दरवाज्यातला जुना स्पीकर काढलात की दिसेल, की त्याला प्लास्टिकची उंच कॉलर मूळचीच होती. नव्याला ती नसते. तसाच बसवला तर मॅग्नेट आत जातो आणि काच खाली आली की त्याला घासते. म्हणून मधे रिंग लागते. इथे तीन पर्याय.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, स्वस्त, सुतार दहा मिनिटांत कापून देतो, आवाजही भरीव येतो. मीही आधी तीच लावली होती. आपल्याकडे पाऊस तो किती, म्हटलं. पण दरवाज्यात पाणी पावसाचंच येतं असं नाही. गाडी धुताना प्रेशरचं पाणी काचेच्या रबरातून आत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. वर्षभराने दरवाज्याचं आतलं पॅड उघडलं तर रिंगची खालची कड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगलेली, आणि स्क्रू बोटाने निघाला.

गाडीच्या मॉडेलप्रमाणे मिळणारी तयार प्लास्टिक रिंग पाण्याला भीत नाही, भोकंही जुळतात. फक्त हातात घेऊन पिळून बघा. वाकली तर दुकानातच ठेवा.

तिसरा पर्याय मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का असलेला. १२ किंवा १८ मिमीचा तुकडा कापून घ्यायचा आणि कडांना ऑइल पेंटचे दोन हात मारायचे. कष्ट आहेत, पण स्क्रू घट्ट धरतो. जाड तयार रिंग मिळाली तर ती, नाही तर प्लाय. एमडीएफ डिकीतल्या सबवूफरच्या (घुमणाऱ्या जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या) बॉक्सला ठीक, दरवाज्यात नको.

रिंग आणि पत्रा यांच्यामधे फोमची पट्टी लावा. पाच मिनिटांचं काम, बहुतेक जण विसरतात.

स्क्रू की नट

मूळ स्पीकर कित्येक गाड्यांत रिबिटांवर असतो, ती ड्रिलने उडवावी लागतात. त्या भोकांत थेट पत्र्याचा स्क्रू मारणं सोपं, पण दोन-तीनदा काढघाल झाली की भोक मोठं होतं आणि स्क्रू नुसता फिरतो. पत्र्याच्या कडेला यू-क्लिप नट अडकवून बोल्ट घातला तर कितीही वेळा उघडा. नवशिक्याने क्लिपच घ्यावी, कारण त्याला एकदा उघडावं लागणारच. नवीन भोक पाडलंत तर कडेला प्रायमर लावा, नाही तर गंज तिथूनच धरतो.

चिकटपट्टीचा मोह

क्रॉसओव्हरची, म्हणजे जाड आणि बारीक आवाज वेगळा करून देणारी, डबी मी ग्लू गनने दरवाज्याच्या आत चिकटवली होती, फेब्रुवारीत. एप्रिलमध्ये होटगी रोडच्या स्पीडब्रेकरवर आतून खट्‌ असा आवाज. उघडून पाहिलं तर डबी तळाशी आणि गोंदाच्या तारा लोंबतायत, गुळाच्या पाकासारख्या. सोलापुरात पारा ४२-४३ वर गेला की उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपुढे जातो, आणि ग्लू गनचा गोंद ६० च्या आसपासच सैल पडतो. साधी दुहेरी टेपही तशीच. फोमची चांगली अॅक्रिलिक टेप टिकते, पण पत्रा स्पिरिटने पुसून लावली तरच. तरीही मी वरून दोन केबल टाय ओढतोच.

वायरच्या जोडाचं तेच. पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात चिकट होऊन सुटतो. क्रिंप करून (जोड धातूच्या नळीत दाबून) हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा, किंवा गाडीचा तयार कपलर घ्या.

अॅम्प आणि सबवूफर

अॅम्प (आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर) सीटखाली ठेवायचा तर कार्पेटवर नुसता नको. प्लायच्या पाटीवर बोल्टने कसा आणि पाटी सीटच्या मूळ बोल्टांच्या आधाराने बांधा. सबच्या बॉक्सवर अॅम्प नको, सतत थरथरून आतले जोड सुटतात. गाडीच्या तळाला ड्रिल तर अजिबात नको. बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते. सीएनजी गाडीत सिलिंडरच्या चौकटीलाही हात लावू नका. मेन वायरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत हवा.

सबचा बॉक्स दहा-पंधरा किलोचा. करकचून ब्रेक मारला की तो मागच्या सीटवर आदळतो. एल-अँगल आणि बोल्ट सगळ्यात पक्के. पण सहकुटुंब तुळजापूरला निघताना डिकी रिकामी लागत असेल तर रॅचेटचा पट्टा घ्या, डिकीच्या मूळ कड्यांना ओढून. मेव्हण्याला मी पट्टाच सांगितलाय, त्याच्या घरी सामान फार.

बॅटरीची निगेटिव्ह काढून मगच पॅड उघडायचं आणि पिवळ्या कपलरला, म्हणजे एअरबॅगच्या वायरीला, हात लावायचा नाही. पॅड परत दाबण्याआधी काच पूर्ण खाली-वर करून बघायची. कालच्या फोटोत त्याने वापरलेला स्क्रू दोन इंची आहे.