व्हेयॉन: वर्षभर शाळेच्या लॅबमध्ये वापरल्यानंतर

आमची लॅब म्हणजे अनुदानित शाळेत असते तशीच. पंचवीसेक पीसी, निम्मे जुने, काहींवर विंडोज, काहींवर उबुंटू लिनक्स, आणि एका मशीनवर दोन-दोन मुलं. प्रोजेक्टर आहे, पण दुपारच्या तासाला खिडक्यांतून एवढा उजेड येतो की भिंतीवरचे आकडे दिसत नाहीत. मागच्या जूनपासून इथे व्हेयॉन चालू आहे, म्हणजे शिक्षकाच्या पीसीवरून लॅबमधले सगळे पीसी बघायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. इतर शाळांतले शिक्षक सारखे विचारतात, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त स्रोत आहे, परवाना जीपीएल नावाचा. आधी त्याचं नाव आयटॅल्क होतं. जर्मनीतल्या टोबियास युंगहान्स यांनी २०१७ साली ते नव्या नावाने आणलं. विंडोज आणि लिनक्सची मशीन्स शिक्षकाच्या एकाच खिडकीत शेजारी-शेजारी दिसतात, आमच्यासारख्या खिचडी लॅबला हेच हवं होतं. एपॉप्टिस हे अशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअरही चांगलं आहे, पण ते फक्त लिनक्ससाठी.

बहुतेक जण हे मुलांवर नजर ठेवायला घेतात. मला विचाराल तर तेच याचं सगळ्यात कमी उपयोगाचं अंग. प्रत्येक पीसीच्या स्क्रीनची एक, अशा पंचवीस चौकटी एका स्क्रीनवर मांडल्या की कोण काय टाइप करतंय ते वाचता येत नाही, फार तर रंगावरून कळतं की कुणीतरी गेम उघडलाय. आणि मुलं आपल्यापेक्षा हुशार असतात. नववीतला एक पठ्ठ्या लॅनची केबल किंचित उपसून ठेवायचा. लांबून पाहिलं तर जागेवर, क्लिप मात्र सुटलेली. आता चौकट रिकामी दिसली की मी आधी मागे जाऊन केबल चाचपतो. मी मशीन लॉक केलं की ते रीस्टार्ट करून सुटायचं, ही मुलांची दुसरी युक्ती. त्यावर मास्टरच्या (व्हेयॉनचा शिक्षकाने वापरायचा भाग) सेटिंगमध्ये निवडलेला मोड सक्तीने कायम ठेवायचा पर्याय आहे. तो चालू केला की मशीन परत सुरू होऊन पुन्हा लॉक होतं.

पैसे वसूल होतात ते डेमोमध्ये (पैसे दिलेलेच नाहीत, तरी). बटण दाबलं की माझा स्क्रीन प्रत्येक मॉनिटरवर, त्यांचे की-बोर्ड-माऊस बंद. कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसची स्प्रेडशीट) सूत्र खाली ओढलं की उत्तर का चुकतं आणि डॉलरचं चिन्ह लावल्यावर का जमतं, हे आठवीला पूर्वी तीन रांगांत तीनदा सांगावं लागायचं. आता सगळे एकाच वेळी कर्सर कुठे जातो ते बघतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याचा स्क्रीनही सगळ्यांना दाखवता येतो. एका मुलीने स्क्रॅचमध्ये (मुलांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा) मांजराला भिंतीवरून परत फिरवायची माझ्यापेक्षा सोपी रीत काढली होती. तिला जागेवरून उठवलंही नाही, तिथूनच तिने सगळ्यांना समजावून दिलं.

डेमोला मात्र नेटवर्क दमदार लागतं. सगळ्या पीसींच्या केबल जिथे जोडतात तो आमचा आधीचा नेटवर्क स्विच १०० एमबीपीएसचा होता. त्यावर चित्र अडखळत पुढे सरकायचं, मी तिसऱ्या मेनूवर आणि मुलं अजून पहिल्यावर. गिगाबिट स्विच बसवल्यावर तक्रार संपली. वायफायवर पूर्ण वर्गाला डेमो द्यायच्या भानगडीत पडू नका.

बसवताना खरी डोकेदुखी आयपीची, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनच्या पत्त्याची. राउटर बंद-चालू झाला की पत्ते बदलायचे आणि सहा नंबरच्या चौकटीत अकरा नंबरचं मशीन. राउटरमध्ये प्रत्येक मशीनचा पत्ता पक्का करून टाका, मगच पुढे जा. बाकी कॉन्फिगरेटर, म्हणजे व्हेयॉनच्या सेटिंगचा भाग, समजायला सोपा आहे. शिक्षकाची ओळख पटवणाऱ्या किल्ल्यांची (फाइलींची) जोडी तयार करायची, खासगी किल्ली फक्त शिक्षकाच्या पीसीवर, सार्वजनिक किल्ली सगळीकडे. विद्यार्थ्यांच्या मशीनवर मास्टर हा भाग टाकूच नका, इन्स्टॉल करताना तो वगळता येतो. मुलांना साधं खातं द्या. अ‍ॅडमिनचं खातं हाती लागलं की व्हेयॉनची सर्व्हिसच बंद करतात. फायरवॉलमध्ये १११०० हा पोर्ट उघडा असावा लागतो.

उबुंटूवाल्यांसाठी एक सूचना. उबुंटूत स्क्रीनवर चित्र दाखवायच्या दोन पद्धती, नवी वेलँड आणि जुनी एक्स११. वेलँड सत्रात आमच्याकडे चौकट काळीच राहायची. लॉगिनच्या वेळी एक्स११ निवडलं की चित्र येतं (उबुंटूच्या अगदी नव्या आवृत्त्यांत हा पर्याय राहिलेला नाही). जुन्या आवृत्त्यांत कायमचा उपाय म्हणजे जीडीएमच्या (लॉगिनचा पडदा दाखवणारा भाग) सेटिंग फाइलमध्ये वेलँड बंद करणं.

तास संपल्यावर एका क्लिकमध्ये सगळी मशीन्स बंद होतात, यावर आमचे शिपाईमामा सगळ्यात खूश. सकाळी तशीच एका क्लिकमध्ये चालूही होऊ शकतात, पण त्यासाठी बायोसमध्ये वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून मशीन चालू करायची सोय) चालू हवं आणि मशीनला वीज सुरू हवी. मामा रात्री मेन स्विच पाडून जातात, आणि इथल्या विजेचा भरवसा बघता ते बरोबरच करतात. त्यामुळे ही सोय आमच्याकडे कागदावरच आहे.

मूळ पॅकेजात इंटरनेट बंद करायची सोय नाही, त्याचं अ‍ॅड-ऑन वेगळं विकत घ्यावं लागतं. आम्ही घेतलं नाही. परीक्षेच्या तासाला राउटरची वायर काढतो, काम भागतं. आणि डेमो सुरू करायच्या आधी स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप वेब बंद करा. स्टाफ ग्रुपवरचे मेसेज पंचवीस मॉनिटरवर एकदम झळकतात.