गेमिंग लॅपटॉप, चौदा महिने आणि बाबांची लॉगशीट

हा लॅपटॉप मी २०२४ च्या दसऱ्याला ७४ हजारांना घेतला. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, १४४ हर्ट्झचा पडदा हे तपशील सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून ते पुन्हा उगाळत नाही. कंपनीचे नावही मुद्दाम गाळतो आहे, कारण पुढे येणारे भांडण एका सेवा केंद्राच्या खिडकीवर झाले आणि या किमतीतले बहुतेक लॅपटॉप आतून साधारण सारख्याच बेताने बांधलेले असतात. लिहायचे कारण असे की गेम खेळल्याने संगणक खराब होतो की नाही, हा आमच्या घरात पंचवीस वर्षे चाललेला वाद या यंत्रावर मिटला, आणि माझ्या एकाही पुराव्याचा त्यात फारसा वाटा नव्हता.

बाबा नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक विद्युत केंद्रातून, देखभाल विभागातून निवृत्त झाले. यंत्राची तब्येत ते कानाने ओळखतात. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज चढला की पलीकडच्या खोलीतून प्रश्न येई, "काय करून राहिला? गेम लावला का?" मी घरांच्या आराखड्यांची त्रिमिती चित्रे करून देतो; रेंडर, म्हणजे संगणकाकडून असे चित्र तयार करून घेणे, सुरू आहे असे सांगितले की विषय तिथेच संपे. कामाने यंत्र बिघडत नाही, खेळाने बिघडते, हा त्यांचा सिद्धान्त होता, आणि पंख्याचा आवाज दोन्ही वेळी सारखाच असतो हे त्यांच्या कानाला पटत नव्हते.

त्यांची बाजू अगदीच निराधार नव्हती, हे मला आता मान्य करावे लागते. माझ्या लहानपणी टीव्हीला व्हिडिओ गेम जोडण्याची मनाई होती, कारण पिक्चर ट्यूब जाते असे घरोघरी सांगितले जाई. त्यात अतिशयोक्ती होती, तरी मुळाशी तथ्य होते: जुन्या ट्यूबवर एकच स्थिर चित्र तासन्तास राहिले तर काचेमागच्या फॉस्फरवर त्याचा कायमचा डाग पडू शके. त्यानंतर संगणक आले आणि २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाचा विषाणू जगभरच्या विंडोज ९५ आणि ९८ च्या यंत्रांवर जागा झाला. चेर्नोबिल दुर्घटनेची तारीखही तीच असल्याने त्याला चेर्नोबिल असेही म्हणत. हार्डडिस्कचा सुरुवातीचा भाग तो पुसून टाकीच, शिवाय काही मदरबोर्डांवरच्या बायोस चिपमधला मजकूरही बिघडवी. मग ती चिप बदलल्याशिवाय किंवा नव्याने लिहून घेतल्याशिवाय यंत्र सुरूच होत नसे. असले विषाणू नकली सीडींतून सहज पसरत, आणि नकली सीडींत गेमचा भरणा मोठा असे. काकांच्या कार्यालयातला संगणक त्याच सुमारास बंद पडला. कारण कोणी तपासले नाही, पण त्याच्या ड्राइव्हमध्ये गेमची सीडी सापडली, आणि बाबांना तेवढे पुरले.

पहिल्या हिवाळ्यात मी त्यांना पद्धतशीरपणे पटवून देण्याचा प्रयत्न केला. तापमान दाखवणारा एक मोफत प्रोग्रॅम घातला आणि जानेवारीच्या एका रात्री, खोलीत २० अंश असताना, आधी दोन तास रेंडर आणि मग दोन तास गेम चालवून आकडे लिहून घेतले. रेंडरमध्ये प्रोसेसर ९१ अंशांवर गेला, गेममध्ये ८२ वर थांबला. यात आश्चर्य काही नाही, कारण रेंडर प्रोसेसरचा प्रत्येक गाभा (कोर) पूर्ण राबवतो, तर गेममध्ये बराचसा भार ग्राफिक्स कार्डावर जातो. आपण गणिते कशासाठी करत आहोत, वाड्याच्या दिवाणखान्यासाठी की मोटारींच्या शर्यतीसाठी, हे चिपला कळण्याचा मार्गच नाही. एसएसडी, म्हणजे लॅपटॉपमधली माहिती साठवणारी चिप, झिजते या शंकेवर मी सांगितले की ती मुख्यतः लिहिण्याने झिजते. गेम एकदा बसवताना भरपूर लिहिले जाते, पण खेळताना बहुतांशी वाचनच होते.

बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "हे आकडे देणारा काटा बरोबर आहे कशावरून?" आदल्या उन्हाळ्यात, मे २०२४ च्या अखेरीस, रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने नागपूरचे तापमान ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली होती आणि नंतर हवामान खात्याने तो संवेदकाचा दोष असल्याचे सांगितले होते. ज्या शहरात सरकारी काटा फसतो तिथे मोफत प्रोग्रॅमवर विश्वास ठेवायचा नाही, असे त्यांचे म्हणणे. माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यातच चुलतभावाने त्यांना जुलै २०२१ मधली बातमी दाखवली, ज्यात 'न्यू वर्ल्ड' या गेमच्या चाचणी आवृत्तीदरम्यान काही लोकांची महागडी आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्डे निकामी झाली होती. कार्ड बनवणाऱ्या कंपनीने पुढे एका छोट्या खेपेत सोल्डरिंगचा दोष असल्याचे मान्य केले आणि कार्डे बदलून दिली, हा बातमीचा उत्तरार्ध मात्र चुलतभावाने वाचला नव्हता.

असे करता करता लॅपटॉप घेऊन सहा महिने झाले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पारा ४४ च्या आसपास असताना, एका संध्याकाळी गेम चालू असतानाच लॅपटॉप काही सूचना न देता बंद झाला. अर्ध्या तासाने सुरू झाला आणि दहा मिनिटांत पुन्हा बंद. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त कूलरचे तोंड लॅपटॉपकडे वळवले, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागले.

सेवा केंद्रात आम्ही दोघे गेलो. खिडकीवरच्या तरुणाने यंत्र सुरू केले, पाच मिनिटे मागे नेले आणि येऊन विचारले, "गेम खेळता का यावर?" मी हो म्हणालो. मदरबोर्ड उष्णतेने गेला आहे, अतिवापरामुळे तो वॉरंटीत बसत नाही, बदलायचा तर ३८ हजार रुपये लागतील, असे त्याने छापील कागदावर लिहून दिले. पंचवीस वर्षांत प्रथमच एका तंत्रज्ञाने बाबांच्या मताला दुजोरा दिला होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, तर ते कागदावरचा आकडा दुसऱ्यांदा वाचत होते.

त्यानंतर जे झाले ते मी शब्दशः लिहितो. बाबांच्या भाषेत सेट म्हणजे वीजनिर्मितीचा संच, आणि ट्रिप होणे म्हणजे धोका ओळखून यंत्राने आपोआप बंद होणे. "या खोक्यावर काय छापलं आहे?" त्यांनी विचारले. गेमिंग, असे उत्तर आले. "म्हणजे गेमसाठी म्हणून तुम्ही विकता, आणि गेम खेळला म्हणून वॉरंटी नाकारता. आमच्याकडे सेट पूर्ण लोडवर महिनोन्‌महिने चालायचे. लोड घेतल्यानं मशीन जात नसते. कूलिंग बिघडलं तर जाते, आणि त्याआधी ट्रिप होते. हा ट्रिप झाला आहे. म्हणजे प्रोटेक्शन शाबूत आहे. तुम्ही उघडून पाहिला का?"

उघडून पाहिला नव्हता. मी हिवाळ्यापासून आकडे काढून जे समजावत होतो ते बाबा आता, माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत आणि बऱ्याच मोठ्या आवाजात, भर सेवा केंद्रात सांगत होते. घरी येऊन त्यांनी वॉरंटीची पुस्तिका भिंगाने वाचली, त्यात गेमचा उल्लेख कुठेही नाही याची खात्री करून घेतली, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि कंपनीला रजिस्टर्ड एडीने पत्र धाडले. नऊ दिवसांनी फोन आला. या वेळी आमच्यासमोर यंत्र उघडण्यात आले.

आत काय होते? पंखा आणि त्याच्या पुढच्या तांब्याच्या जाळीमध्ये, म्हणजे जिथून गरम हवा बाहेर पडायची नेमक्या त्या जागी, राखाडी नमद्यासारखा एक थर बसला होता. चिमट्याने ओढला तर तो अखंड पट्टी होऊन बाहेर आला. त्यात धूळ होती, चादरीचे तंतू होते आणि कूलरच्या ताट्यांचा, म्हणजे त्याला लावलेल्या ओल्या पडद्यांचा, भुगा स्पष्ट दिसत होता. नागपुरात मार्च ते जून जी हवा खोलीत फिरते ती कूलरमधूनच आलेली असते, दमट आणि भुसकट वाहून आणणारी, आणि बाबांनी त्या संध्याकाळी वळवला तो कूलर वर्षभरापूर्वीच्याच ताट्यांवर चालला होता. थर काढला, चिपची उष्णता बाहेर पोहोचवणारी थर्मल पेस्ट नवी लावली आणि तोच मदरबोर्ड, जो ३८ हजारांना गेला होता, ठणठणीत चालू लागला. सफाईचे ९०० रुपये मागण्यात आले तेव्हा मी वाद घालायच्या तयारीत होतो, पण बाबांनी ते मुकाट्याने दिले. "धूळ आपली होती," ते म्हणाले.

माझा राग आहे तो खालच्या झाकणावर. ७४ हजारांच्या यंत्राच्या तळाला हवा आत घेण्यासाठी भल्यामोठ्या फटी ठेवल्या आहेत आणि त्यांच्यामागे धूळ अडवणारी जाळी नाही. दीडशे रुपयांच्या कूलर पंपालाही जाळीची टोपी येते! जाळी लावली तर हवा थोडी कमी जाईल हे मला समजते, पण मग ती बाहेरून काढून धुता येईल अशी ठेवता आली असती. उलट हे झाकण अकरा स्क्रूंनी बसवलेले आहे, त्यांतले पुढचे चार आखूड आहेत, आणि चुकून लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूला फुगवटा येईल अशी व्यवस्था आहे. हे मला कसे ठाऊक ते विचारू नका. आता मी दर तीन महिन्यांनी झाकण उघडतो, पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवतो आणि ब्रशने धूळ काढतो.

पहिल्या महिन्यात मी ज्या 'परफॉर्मन्स मोड'चे, म्हणजे यंत्र पूर्ण जोरात चालवणाऱ्या सोयीचे, कौतुक सगळ्या मित्रांना सांगत सुटलो होतो, ते कौतुक मागे घेतो. त्याने खेळात मिळणारा फरक डोळ्यांना दिसत नाही, कानांना मात्र शेजाऱ्यांच्याही दिसतो. त्याऐवजी गेमच्या सेटिंगमध्ये सेकंदाला ६० फ्रेमची (चित्रांची) मर्यादा घालावी. माझ्याकडे एवढ्यानेच तापमान ११ अंशांनी उतरले. मर्यादा नसली की कार्ड गरज नसताना जमेल तितकी चित्रे काढत बसते. २०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ या गेमच्या साध्या मेनूच्या पडद्यावरही कार्डे याच कारणाने तापत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि तो गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने फ्रेमची मर्यादा हाच उपाय सांगितला होता. १,४०० रुपयांचा कूलिंग पॅड घेतला तो पूर्ण वाया गेला. मागच्या पायांखाली कॅरमचे दोन जुने स्ट्रायकर ठेवले तर त्याच्याइतकाच फरक पडतो आणि तोही बिनआवाजाचा.

बॅटरीच्या बाबतीत मात्र मी पूर्ण सुटलो नाही. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टप्रमाणे ६० वॉट-अवरची बॅटरी चौदा महिन्यांत ५२ वर आली आहे. लिथियम बॅटरीला उष्णता आणि सतत भरलेले राहणे हे दोन्ही मानवत नाही, आणि मी पहिला संपूर्ण उन्हाळा चार्जर लावूनच खेळलो. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये पहिल्या दिवसापासून होती. ती मी जुलैमध्ये सुरू केली. रेंडर केले असते तरी बॅटरी इतकीच उतरली असती, असा माझा युक्तिवाद बाबांनी मान्य केला, पण तुझी रेंडर करण्याची वेळ दिवसातून दोन तास आणि खेळण्याची चार, हेही त्यांनी लक्षात आणून दिले.

आता घरात गेमला परवानगी आहे, एका अटीवर. बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रेघा मारून लॉगशीट तयार केली आहे: वेळ, खोलीचे तापमान, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पंख्याचे फेरे आणि शेवटी शेरा. मोफत प्रोग्रॅमवर आता त्यांचा विश्वास आहे. खोलीच्या तापमानासाठी त्यांनी स्वतःचा पाऱ्याचा थर्मामीटर टेबलाशेजारी टांगला आहे. दर तासाला ते येतात, चष्मा वर करून पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे टिपतात आणि जातात. खेळ हरण्याच्या बेतात असला तरी नोंद होईपर्यंत मान बाजूला करावी लागते. ८८ अंशांच्या वर आकडा गेला की सेट बंद, हा नियम त्यांनी केला आहे आणि तो रेंडरलाही लागू आहे, त्यामुळे मागच्या आठवड्यात एका ग्राहकाचे स्वयंपाकघर अर्धेच राहिले.

शेऱ्याचा रकाना अजूनही जवळजवळ कोरा आहे. एकच नोंद आहे. गेममध्ये पुढे चालण्यासाठी डब्ल्यूची कळ सतत दाबून धरावी लागते, आणि त्या कळीवरचे अक्षर आता पुसट होऊन तिला चकाकी आली आहे; शेजारच्या क्यू आणि ई जशाच्या तशा काळ्या आहेत. रेंडरने हे झाले असे मला म्हणता येत नाही. बाबांनी तारीख घालून, आपल्या वळणदार अक्षरात, "खेळामुळे झीज: १ नग" असे लिहिले आहे आणि खाली माझी सही घेतली आहे.